जीपचा लहानसा डिफरन्शियल

मंगळवार, दिवेलागण

लिही मुक्ते, माझ्या वहीत; माझ्या नातीची, तुझीच, चूक म्हणून गाळू नकोस. तुझे आजोबा गेल्यावर ह्यांच्या जीपला तू दांडगं इंजिन बसवलंस, पण चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल तोच लहानसा ठेवलास. आज कात्रजच्या चढावर त्याचे दात तुटले.

मेकॅनिक म्हणाला, "आजी, एवढासा जीव एवढा जोर कसा सोसेल? मोठाच बसवायला हवा."

"अरे, ह्यांच्या हाती जन्मभर टिकला की!"

त्याचं तुटकं दातेरी चाक मांडीवर घेऊन बसलेय. एवढंसं. हेही गेलं, तर जीपमध्ये ह्यांचं काय उरलं? डोळे मिटले की ह्यांच्याशेजारी घाट चढतेय, चिडवतेय, "अहो, बैलगाडी पुढे गेली!"

मोठा बसव, मुक्ते. मला नेशील तेव्हा मात्र बैलगाडीला पुढे जाऊ दे.