तीन परीक्षकांचा वर्ग

लातूर, ४ मे १९९८

ती. अण्णा व आईस,
शि. सा. न. वि. वि.

हैदराबादेहून काल परतले. मस्कतच्या शाळेच्या मुलाखतीत माझी पुरती फजिती झाली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांना प्राधान्य, असं जाहिरातीत होतं, तरी गेले. पाठ घ्यायला सांगितला. समोर विद्यार्थी नाहीत, नुसते तीन परीक्षक. क्लासच्या सवयीने मी प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायची. लातुरात दीडशे पोरं ते एका सुरात पुरं करतात. इथे कुणी हूं की चूं करीना. शेवटी इंग्रजीतूनच मी विचारून बसले, झोपलात का सगळे? तेव्हा त्यातल्या बाईंनी हसत वाक्य पुरं केलं, मग उरलेल्या दोघांनीही.

इंग्रजी कुठे शिकलात, असं विचारलं. मुखेडला, वडिलांच्याच वर्गात, पाचवीपासून, हे खरं ते सांगितलं. बाहेर जन्मापासून इंग्रजी बोलणारी एक मुलगी बसली होती, तिच्यापुढे माझा काय निभाव लागणार? अण्णा, ही नोकरी मला फार हवी होती. नुसत्या मार्कांसाठी शिकवून जीव विटलाय.

लोभ असू द्या, मी पास होवो की नापास.
वर्षाराणी

मुखेड, ९ मे

चि. वर्षाराणीस,
अनेक आशीर्वाद.

परीक्षकांना झोपलात का विचारणारी लेक माझीच. वाक्य अर्धं सोडायची खोडही माझीच, तेव्हा दोष वाटून घेऊ.

एक सांगतो, रागावू नकोस. नोकरी बहुधा हुकली हे ऐकून तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. किल्लारीकडचं तिचं माहेर भूकंपात माणसांसकट गेलं, तेव्हापासून तू लातुरात आहेस हेच तिला लांब वाटतं. अजून अंगणातच झोपते.

तुझा,
अण्णा

लातूर, २० मे

ती. अण्णांस,
सा. न.

त्यांनी मलाच घेतलं! त्या बाईंनी लिहिलंय की, वर्गाला बोलतं करणारी शिक्षिका त्यांना हवी होती. आठवड्यात कळवायचं आहे. पण आई नको म्हणाली तर मी जाणार नाही. तिला हे पत्र वाचून दाखवा आणि तुमच्याकडून काही सांगू नका.

दोघांच्या मायेची,
वर्षाराणी

मुखेड, २३ मे

चि. वर्षाराणीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. तुझी आई उठून अंगणात गेली, ती दिवसभर तिथेच. तू सांगितलंस म्हणून मी काही सुचवलं नाही, लई जड गेलं. दिवेलागणीला ती आपणहून म्हणाली, ते तिच्याच शब्दांत लिहितो:

"जा म्हनावं तिला. घर न सोडलेली मान्सं तरी कुठं राह्यली माझ्यापाशी?"

तुझा,
अण्णा