डोकं लख्ख ठेवण्याचा दादाचा उपाय

ती. दादास,

लांबूनच नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी तूर्त मनाई केली आहे.) तुझी प्रकृती कशी आहे? माझी बरी आहे, असं लिहिलं होतं. मग ‘बरी’ खोडलं, कारण छातीला वायरी चिकटवल्या होत्या तिथली खाज अजून जात नाही. तेव्हा नुसतं ‘आहे’ एवढंच वाच.

आमच्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता आणि भाषण माझ्याकडे. एका पेगात मला पेंग येते, हे तू जाणतोसच. म्हणून तुझा उपाय केला: व्हिस्कीत पाण्याऐवजी एनर्जी ड्रिंक. ‘चढत नाही रे, डोकं लख्ख राहतं,’ असं तू नेहमी म्हणतोस. दादा, राहिलं. इतकं लख्ख, की आपण पूर्ण शुद्धीत आहोत या खात्रीवर मी पीतच गेलो (माझ्यासारख्या शंकेखोराला खात्री वाटली, तिथेच ओळखायला हवं होतं) आणि साहेबांच्या गौरवाऐवजी त्यांच्या अहवालांतल्या चुका सालवार सांगितल्या. साहेब आधी हसले, मग पाणी मागू लागले. शेवटी हिशेबनीस बाईंनी माझ्या गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मी सरळ रेषेत चालून दाखवतो म्हणालो आणि कुंडीत पाय घातला. तेवढ्यात छातीत कोणीतरी दार ठोठावू लागलं. तालात ठोठावलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो.

इस्पितळातली डॉक्टर पोरगेलीशी होती. म्हणाली, “काका, पेंग येते म्हणजे शरीर ‘पुरे’ म्हणत असतं. तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. दारू तेवढीच चढली, फक्त कळेनाशी झाली. आणि हृदय बिचारं दोन्हीकडून मार खात होतं.” आमची ही शेजारीच बसली होती. डॉक्टरचं वाक्यन् वाक्य कागदावर उतरवून घेत होती. (ओरडली असती तर बरं होतं.)

घरात कोणाला हृदयाचा त्रास, असं डॉक्टरने विचारलं. बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले ते उठलेच नाहीत, हे सांगितलं. “आणि भाऊ?” “आहेत. थोरले. घेत नाहीत,” मी म्हणालो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. रोजनिशीतसुद्धा खोटं लिहायला मला जड जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरकडे जाऊन तुझं रोज संध्याकाळचं सगळं खरं सांगून आलो. तिने पेन खाली ठेवलं. शुक्रवारी सकाळी तपासणीसाठी तुझं नाव लावलं आहे.

ता. क. २. वरचा विनोद तू इथवर वाचावंस एवढ्यासाठीच होता. उपाशीपोटी ये. आणि चपला घालून ये. नाडीचे बूट नकोत.