मुलींचं मंडळ पुन्हा उघडताना

टीचर, आता मीही आपल्याच कॉलेजात शिकवते. इथलं मराठी मुलींचं मंडळ मी पुन्हा सुरू करायला घेतलं आणि तीन महिन्यांत माझं डोकं उठलं. तुम्ही ते एका दुपारी बंद केलंत. उघडायला मात्र प्रिन्सिपलची परवानगी, वीस मुलींच्या सह्या आणि प्रत्येकीच्या पालकांचं रॅगिंगविरोधी हमीपत्र लागतं. वडील सही करायला बसले की आई विचारते, मराठी वाचून हिला नोकरी कुठे लागणार? मुलींना घरची मराठी कळते, पण उत्तर तमिळमध्ये येतं. पहिल्या बैठकीला नऊ जणी आल्या. त्यातल्या एकीने सुंडल खाता खाता विचारलं, मिस, याची हजेरी धरणार का?

जुन्या सभासद त्याहून कठीण. कुणी चेन्नईत, कुणी अमेरिकेत, आणि फोनवरच्या ग्रुपात रोज भांडण. सगळं पूर्वीसारखंच हवं. नव्या मुलीने सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं, हेसुद्धा. मी लिहिलं की त्या वाचनापायीच तर मंडळ बंद पडलं. त्यावर एकीचं उत्तर आलं, छे, टीचर रिटायर झाल्या म्हणून पडलं. बाकीच्यांनी लगेच हो म्हटलं.

मला ती दुपार अजून दिसते. पापनाशमहून बसने येणारी ती पहिल्या वर्षाची मुलगी पुस्तक धरून उभी आहे, अक्षर लावत लावत वाचते आहे. ‘भ’चा ‘ब’ होतो. आम्ही तोच शब्द तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावतो आणि हसतो. तुम्ही दारात येता. आवाज चढवत नाही. तिच्या हातातलं पुस्तक घेता आणि आम्हाला म्हणता, “तुम्हाला मंडळ नकोच होतं. कुणावर तरी राज्य करायचं होतं.” दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. वर्ष संपल्यावर ती मुलगी कॉलेज सोडून गेली.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. ती पापनाशमच्याच एका शाळेत शिकवते. मुलांच्या वह्या बाजूला सारून तिने कॉफी दिली, माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. उद्घाटनाला ये म्हटलं, तर म्हणाली, “येते. पण आधी त्या मुलींना सांग, का बंद पडलं ते.”

सांगितलं. चौघींनी सह्या मागे घेतल्या. एकीच्या आईने फोनवर अर्धा तास मलाच झापलं. पुन्हा वर्गावर्गांत फिरून, मराठी शिकायची हौस असलेल्या दोन तमिळ मुलींना धरून, कशाबशा वीस भरल्या. शुक्रवारी मंडळ उघडलं. ती आली आणि शेवटच्या बाकावर बसली. मी कुणालाही उभं केलं नाही.

हा कागद माझ्या वहीतच राहील, म्हणून लिहिते. मुलींना मी ‘आम्ही हसलो’ असं सांगितलं. पहिली मी हसले होते, टीचर. तिला ते ठाऊक आहे.