नळदुर्गात उचललेला बेल

जळकोट
ता. १३ सप्टेंबर, शनवार

चि. रणधीर,
अक्काचा आशीर्वाद. इकडं सगळी खुशाल. तुझी खुशाली टीव्हीवर दिसतीया.

न्हाय, माझा गुडघा दुखत न्हाय. कुणी इचारलं न्हाय, तरी सांगते. परवा तुझ्या पीएनं, त्या समर्थनं, कॅमेऱ्याम्होरं सांगितलं, "अक्कांचा गुडघा दुखतोय, म्हणून त्या पुढे आल्या नाहीत." तवापासून तीन बाया तेलाच्या बाटल्या घेऊन आल्या. तेल ठिवून घेतलं. गुडघा ठणठणीत हाय. कालच उडदाच्या शेंगा तोडून आले.

गुरुवारी तुझा फोन आला. म्हयन्यातनं पयल्यांदा. रडत हुतास. "अक्का, व्हिडिओ बघितलास का? दोनशे माणसांनी माझ्यासाठी बेलभंडारा उचलला. आमदार गेले तर जाऊ देत. माझी माणसं हायेत. सोमवारी मुंबईला पक्षाच्या अध्यक्षांम्होरं हेच ठिवतो, बघू मंत्रीपद कोण काढून घेतो." म्या नुसतं हं हं केलं. फोनवर तुझ्यामागं सतरा कान असत्यात. म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपतुर, चुका काढत बसू नको.

बुधवारी समर्थ आला. बुटाला चिखल लागला म्हणून तोंड वाकडं. ओट्यावर बसून म्हणला, "अक्का, साहेबांचं कुलदैवत नळदुर्गचा खंडोबा ना? उद्या तिथं सगळ्यांना शपथ घ्यायला लावू. साहेबांची साथ सोडणार नाही म्हणून."

म्या म्हणले, "व्हय."

येवढंच म्हणले.

तो पुण्याचा हाय, त्याला काय कळतंय. पर तू? आपल्या खंडोबाचं बारक्या पोराला ठावं हाय. पावणेदोन म्हयने देव नळदुर्गात, बाकी सव्वादहा म्हयने अणदूरला. थंडीत येतो, जत्रा झाली की जातो. सात वरसाचा असताना तू पालखीसंगं अणदूरपतुर चालतो म्हणून हटून बसलास. अर्ध्या वाटंत पायाला फोड आला, म्या पाठीवर घेतलं. तेबी इसरलास?

सप्टेंबर हाय, रणधीर. नळदुर्गाच्या देवळात नुसता दिवा हुता.

दोनशे माणसं त्या दिव्याम्होरं हुबी. समर्थ परात घेऊन फिरत हुता, बेलाची पानं नि हळद. आबाराव माझ्या कानाशी आला. तीस वरसं तुझी पोस्टरं चिटकवली त्यानं, निवडणुकीत घरी जेवायला जात नसायचा. म्हणला, "अक्का, हे काय चाललंय?"

"गप ऱ्हा," म्हणले.

तो हसला. "गपच हाय. देव घरी न्हाय, मग बेल उचलायला काय जातंय? दोन्ही हातानं उचलतो." नि उचलला की. सगळ्यात मोठ्यानं त्योच वरडला, व्हिडिओत म्होरंच दिसतोय. त्याला बघून तू रडलास.

कुणीबी कुरकुर केली न्हाय. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरनं एकमेकाच्या उरावर बसणारी माणसं, पर शपथ एका आवाजात घेतली. तवाच समर्थला कळायला पायजे हुतं.

आता हायवेला सगळी हसत्यात. ढाब्यावर शरणबसप्पा गिऱ्हाइकाला इचारतो, "खरं जेवणार का साहेबाच्या शपथंवानी?" सोमवारसाठी माणसं मुंबईला न्यायला तू तीन गाड्या धाडल्यास. पंपावर हुब्या हायेत, ड्रायव्हर पत्ते खेळत्यात. मुंबईला निघालाय फकस्त बलभीम, तोबी लेकीचं बाळ बघायला. त्याच्याच हाती हे पत्र धाडते.

समर्थनं माझ्याम्होरं बी परात धरली. "अक्का, तुम्ही पहिल्या." देव न्हवता. शपथ फुकट हुती. तरीबी हात उठला न्हाय. म्हणून मग गुडघा.

का उठला न्हाय ते तुला ठावं हाय. न्हाय ठावं? बरं.

वसतिगृहाचा जिना पडला त्याला आज चाळीस दिस झाले. दोन पोरी गेल्या. येक आपल्या गल्लीतली निकिता. मल्लम्माची. सातवीत हुती. दुसऱ्या दिशी तू टीव्हीवर म्हणलास, "मुली जिन्यात धुडगूस घालत होत्या, त्यामुळे भार आला." निकिता धुडगूस? ती पोर जिना चढताना कठड्याला धरून चढायची, माझ्या घरी माळवदावर यायलाबी भ्यायची. नि जिना बांधला कुणी, तुझ्या मेव्हण्यानं. उद्घाटनाला फीत तू कापली. म्या लाडू वाटले.

तू दाराशी येशील वाटलं हुतं. मल्लम्माला बी वाटलं हुतं. येडी, सात दिस अंगण झाडून ठिवायची. म्या इचारलं, "कशाला गं?" तर म्हणते, "मंत्री येतील ना अक्का, तुमचा भाऊ हाय." तू आला न्हाईस. आठव्या दिशी तिनं झाडू टाकला.

आता लिहिते ते वाच नीट, दोनदा लिहिणार न्हाय.

त्या वसतिगृहात जागा भरल्या हुत्या. मल्लिकार्जुन, निकिताचा बाप, म्हणत हुता, नळदुर्गालाच शिकू दे, एसटीनं जाईल यील. मल्लम्मा म्हणत हुती, "अक्का, पोर लांब नको." म्या म्हणले, "माझ्या भावाचं वसतिगृह हाय, येड्यावानी करू नको." तुझ्या नावाची चिठ्ठी म्याच दिली. जागा झाली. ट्रंकेला माझं कुलूप हुतं, पितळी. ट्रंक परत आली तवा कुलूप तसंच हुतं. किल्ली पोरीच्या गळ्यात हुती.

हे गावाला ठावं हाय. कुणी तोंडावर बोलत न्हाय. तुझ्या बाबतीतबी असंच हुतं, म्हयनाभर कुणी बोललं न्हाय नि परवा दोनशे जणांनी बेल उचलला.

बुधवारी म्या "व्हय" म्हणले ते इसरून न्हाय. मला ठावं हुतं. येक शब्द बोलले असते तर समर्थ गाड्या घेऊन अणदूरला गेला असता, नळदुर्गापासून धा मिनिटं. तिथं किती जणांनी उचलला असता ते म्या सांगते. येकानंबी न्हाय. तुला खोटी माणसं म्या दिली. पाठीवर घेतलेल्या भावाला दिली.

म्हणून सोमवारच्या आत सांगते. त्या व्हिडिओच्या जिवावर अध्यक्षाम्होरं हुबा ऱ्हाऊ नको. तिथं हसतील, नि हसायला लागले की खुर्ची धरून ठिवता येत न्हाय.

तुला बेल उचलायचाच आसंल तर ये. समर्थ नको, कॅमेरा नको. अणदूरला जा, देव तिथं हाय. हातात बेल घे नि म्हण, जिना कच्चा हाय हे मला ठावं न्हवतं. म्हणता आलं तर म्या दोन्ही हातानं परात धरीन, सगळ्या गावाम्होरं. म्हणता आलं न्हाय तर राजीनामा लिही, नि आधी मल्लम्माच्या दारात ये. अंगण झाडलेलं नसंल.

बलभीमाला काय इचारू नको, त्याला पत्रातलं ठावं न्हाय. मला फोन करू नको, उचलणार न्हाय. ह्याच्यावर म्या आता येक शब्द बोलणार न्हाय.

जिनं चिठ्ठी दिली ती,
द्वारका