शेवटच्या नळाची नोंद

अप्पा, तुमच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू झाली आहे. सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला दरवर्षी मिळेल. तुमच्या खात्यातल्या जुन्या लोकांनी निधी उभा केला आणि तुमची मुलगी म्हणून मला निवड समितीवर घेतलं. मला पहिल्यापासून हे पटत नाही. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी ज्यांनी साधा हारसुद्धा आणला नाही, त्यांना तुम्ही गेल्यावरच तुमची आठवण कशी झाली? कुठंतरी पाणी मुरतंय म्हणून समितीच्या अड्यारमधल्या ऑफिसात मी सगळे कागद दोनदा वाचले. काही सापडलं नाही. भिंतीवर तुमचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'एकही नळ न चुकवणारे आरोग्य निरीक्षक'. ते वाचून मी खाली बघितलं.

अर्जासोबत प्रत्येकानं महिनाभर एका वस्तीतलं पाणी तपासल्याची वही जोडायची असते. मला प्रत्येक वहीचा संशय येतो. एकच शाई, सारखं अक्षर, कागदावर पाण्याचा एक डाग नाही. "ही घरी बसून लिहिली आहे," मी म्हणाले. अध्यक्ष, म्हणजे तेव्हा तुमच्या हाताखाली असलेले, हसले. "अम्मा, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." चोराच्या मनात चांदणं, हे त्यांना काय ठाऊक.

मी नऊ वर्षांची आहे. आवडी गावातल्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आपण राहतो, आई कारखान्यात ड्यूटीवर, मला दोन दिवस ताप. तुम्ही कामावर गेला नाहीत. दुपारी स्वयंपाकघरात, रसमच्या भांड्याशेजारी तुम्ही रजिस्टर उघडता आणि एकामागून एक नळांपुढे क्लोरिनचे आकडे लिहिता. तुम्हीच मला शिकवलं होतं, "टाकीपाशी कुणीही तपासेल. गल्लीच्या शेवटच्या नळापर्यंत औषध पोचतं का, ते बघायचं." शेवटच्या नळापुढेही तुम्ही आकडा लिहिलात. मग मी दारात दिसले. "निजून राहा, कण्णा," एवढंच म्हणालात आणि वही मिटलीत. त्यानंतर कितीतरी दिवस, त्या गल्लीत कुणी आजारी पडल्याचं आता कानावर येईल, अशी मला भीती वाटायची. तसं काही आलं नाही. पण तुमच्यावरचा माझा विश्वास तेव्हा जो हलला, तो पुन्हा बसला नाही. फार राग होता मला तुमचा.

काल एका मुलीची वही आली. दोन तारखांपुढे रकाने कोरे, कडेला लिहिलेलं, 'आईला दवाखान्यात नेलं. नळांवर गेले नाही.'

"बरं, ही बाजूला ठेवू," अध्यक्ष म्हणाले. "वही अपुरी आहे. दुसऱ्या मुलाची बघा, एक दिवस चुकला नाही."

"हिलाच द्यायची," मी म्हणाले. अध्यक्षांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, हिच्या बाकीच्या अठ्ठावीस दिवसांवर माझा विश्वास बसतो. बराच वाद झाला, शेवटी त्यांनी सही केली.

खरं कारण त्या फोटोखाली बसून सांगता आलं नाही. ते तुम्हाला सांगायला हे लिहायला घेतलं, आणि हेही कुठं पाठवायचं? तुमच्या जुन्या चष्म्याच्या डब्याखाली ठेवून देईन. अप्पा, त्या दिवशी माझा ताप सकाळीच उतरला होता. तुम्ही चप्पल घालून दारापर्यंत गेला होतात, तेव्हा मी मुद्दाम कण्हले.