येर्बाचं पहिलं पाणी

३ मार्च, पहाटे
टिंग, टिंग, टिंग. तोच आवाज कानात घेऊन जाग आली. भिंतीपलीकडे ओलिम्पियाबाई काचेच्या कांडीनं द्रावण ढवळायच्या, अलीकडे माझ्या वर्गातली पोरं त्या तालावर कविता म्हणायची. मी मुद्दाम त्याच वृत्तातल्या कविता निवडायचो. बाईंना कधी कळलं नाही.
आता बाई माँटेव्हिडिओला लेकीकडे, आणि इथे पायसांदूत त्यांच्या प्रयोगशाळेत मोडकी बाकं ठेवणार! हेडमास्तर बेन्तांकोर माझाच विद्यार्थी. त्याला झापलं. म्हणाला, "सर, २१ तारखेला माजी विद्यार्थी जमतायत. तिथं एखादा झकास प्रयोग करून दाखवा. मग खोलीही राहील आणि दारावर बाईंचं नावही लागेल." कविता चालेल का विचारलं. "कविता पुष्कळ झाल्या, सर."

५ मार्च
मासिकात कृती मिळाली. येर्बाची, म्हणजे आमच्या रोजच्या कडू चहाची, पानं उकळायची, पहिला दाट काढा घ्यायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. रुप्याचे नॅनोकण होतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि पाणी सोनेरी होतं. लाल किरणाची बॅटरी मारली की किरणाची वाट पाण्यात उमटते. नुसता रंग असेल तर उमटत नाही. काव्यच!
लेखक मात्र परदेशी असावा. उकळत्या पाण्यानं येर्बा करपते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक. आणि पहिलं पाणी म्हणजे मूर्खाचा घोट, ते फेकायचंच. कृती दुरुस्त करून घेतली.

७ मार्च
पहिलं पाणी मोरीत. दुसरंही, खबरदारी म्हणून. तिसऱ्या, बेताच्या कोमट पाण्यात क्षार सोडला. रंग पाण्यासारखा.
धीर हवा.

९ मार्च
अजून पाण्यासारखाच. बोटं मात्र काळी झाली, साबणानं जात नाहीत. इर्माताई म्हणाली, "थोरल्या बहिणीची एक कढई कधी घासली नाहीस, आणि हात बघा, कोळसेवाल्याचे!"

१२ मार्च
पुन्हा पाणीच. ताई मासिक वाचत बसली. "अरे अन्सेल्मो, पहिलंच पाणी घ्या म्हणतोय ना हा?" मी म्हटलं, पाहुण्याला पहिलं पाणी देशील का? "रुपं काय पाहुणा आहे?" ताईला रूपक कळत नाही. उद्यापासून स्वयंपाकघराचं दार लावून काम.

१४ मार्च
दोष येर्बाच्या पुड्याचा. नवा पुडा आणला. दोष नदीकडच्या दमट हवेचाही. बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी तळाशी राखाडी गाळ. त्याला 'रजतधूळ' नाव दिलं आणि कडवं रचलं. कडवं चांगलं झालं.

१७ मार्च
बेन्तांकोरचा फोन. "पत्रिका वाटल्या, सर, प्रयोगाच्या नावासकट. जमतंय ना?" मी म्हटलं, उत्तम. हे खोटं नव्हे, भविष्यकाळ आहे. बाई येणार का, विचारलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय म्हणे. फार वाईट वाटलं. थोडं हायसंही.

१९ मार्च
वैताग! सगळं सिल्व्हर नायट्रेट संपलं. शेवटची बरणी जशीच्या तशी, स्वच्छ, निर्लज्ज.
ताईनं फ्लान पुडिंगसाठी साखर जाळून ठेवली होती. तिच्यातली चमचाभर बरणीत घातली. अहाहा! अस्सल सोनेरी.
ही फसवणूक नव्हे. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच. कण आले की बसतील. आणि बॅटरी कोण आणतंय?

२१ मार्च, प्रयोगशाळेत, कार्यक्रमाआधी
सगळे जमले. बरणी खिडकीत झळकतेय. बेन्तांकोरनं नावाची पाटी करवून आणलीय, सुतार स्क्रू घेऊन उभा. डोळे भरून आले. शेवटी मी भिंतीच्या या बाजूला पोचलो तर! भाषणात वृत्ताची गोष्ट सांगून टाकावी का? सांगतोच.
दारावर टकटक. उशिरा येणारे आजही उशिराच.
बेन्तांकोरनं दार उघडलं. ओलिम्पियाबाई. काठी टेकत, प्रवासानं दमलेल्या, पण तसंच हसू. "डॉक्टरला काय कळतंय," म्हणाल्या. "अन्सेल्मोसर माझ्यासाठी रसायन शिकले, आणि मी घरी बसू?"
मग पर्स उघडून चाचपू लागल्या. म्हणाल्या, "किरणाची वाट मीच दाखवणार हं सगळ्यांना. बॅटरी आणलीय."