पाणी पिवळं झालं का

बारवेवाडी, ता. शिरूर
२४ एप्रिल २०२५

ती. दोर्काआत्यास,
करुणाचा सलाम वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू डब्यात घालून ठेवलं आहेस, म्हणून पुन्हा पेन हातात घेतलं. पत्र हौशीरामच्या भाजीच्या टेम्पोतून येईल. उत्तरही त्याच्याकडेच दे.

ईस्टरला शिरूरच्या चर्चमध्ये पहाटे पाचची उपासना छान झाली. पप्पा गुडघ्यांमुळे घरीच होते. त्यांच्या जागी मी ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर जाते त्याला तीन वर्षं झाली आणि मी अगदी विटले आहे. रोज पहाटे साडेपाचला तोच जिना चढायचा, ब्लीचिंग पावडर कालवून पाण्यात ओतायची, मग ते पाणी काचेच्या नळीत घेऊन औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं म्हणजे पाणी चांगलं. तसं रजिस्टरमध्ये लिहायचं. गावात कुणाला पत्ताही नसतो. घरी आले की पप्पा खाटेवरून विचारणार, पाणी पिवळं झालं का. मी हो म्हणणार. जन्म यातच घालवायचा का?

सोमवारी सव्वापाचची जीप धरून रांजणगावला एका कारखान्यात मुलाखत देऊन आले. तयार माल तपासायचं काम आहे. पप्पांना एवढ्यात सांगू नकोस.

गावात मंगळवारपासून जुलाब-उलट्या चालू आहेत. अकरा मुलं आजारी. चांदभाईंच्या गाडीवरच्या बर्फाच्या गोळ्यानं झालं, असं सगळे म्हणतात. सरपंच रुपालीताईंनी त्यांची गाडी बंद केली. चांदभाईंची नात शायना स्वतःच सलाईनवर आहे, तरी लोकांची तोंडं थांबत नाहीत. मला घरात बसवत नाही आणि बाहेरही जाववत नाही. उन्हाळाच कडक आहे, दुसरं काय.

लोभ असू दे, आणि ते मशीन जरा लावत जा.
तुझी,
करुणा

दौंड
२६ एप्रिल २०२५

चि. करुणास,
दोर्काआत्याचे अ. आ. वि. वि.

मशीन लावलं की शेजारणीची भांडणंही ऐकावी लागतात, म्हणून ते डब्यात आहे. कान गेले असले तरी डोकं जागेवर आहे. तुझं पत्र तीनदा वाचलं. रविवारी पहाटे पाचला तू शिरूरला उपासनेत होतीस. सोमवारी सव्वापाचला जीपमध्ये होतीस. मग साडेपाचला टाकीवर कोण चढलं?

उन्हाळा मलाही कळतो. तो दौंडलाही आहे.

पप्पांना सलाम सांग. मी रागावलेली नाही, पण उत्तर लवकर पाठव.
आत्या

बारवेवाडी
२८ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
करुणाचा सलाम वि. वि.

कुणीच चढलं नाही. पंचायतीचा शिपाई म्हाळू फक्त गावाचे व्हॉल्व्ह सोडतो, पावडरीचं काम माझ्याकडेच. शनिवारीच मी रजिस्टरमध्ये पुढच्या दोन्ही दिवसांसमोर 'पिवळा' लिहून ठेवलं. दोन दिवसांनी काय होतं, असं वाटलं. घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, तेव्हा दोन्ही दिवस हो म्हटलं.

आरोग्य केंद्राचे साहेब आले, त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि पाणी ठीक असल्याचं सांगून गेले. तेव्हाच सगळे चांदभाईंवर उलटले. ते सगळ्यांना सांगत होते की, माझा बर्फ चांगला हाय, माझ्याच नातीला मी वाईट कसं देईन. कुणी ऐकलं नाही. माझ्या अक्षरानं त्या माणसाला खोटं पाडलं.

काल शायनाची आजी फरीदाचाची घरी आली. तुझ्या प्रार्थनेत माझ्या शायनाचं नाव घे, म्हणाली. मी मान हलवली. रात्री गुडघे टेकले, पण शायनाचं नाव न घेताच उठले.

आजच कारखान्याचं पत्र आलं. पाच मेला हजर व्हायचं आहे, सोबत सरपंचांचा वर्तणुकीचा दाखला हवा. गप्प राहिले तर दाखला मिळतो आणि मी सुटते. गुरुवारी एक मेची ग्रामसभा आहे. तिथं बोलले तर दाखला गेला, नोकरी गेली, आणि पप्पांची टाकीवरची सव्वीस वर्षंही लोक त्याच मापानं मोजतील. शिवाय दोष बर्फाचाही असू शकतो ना आत्या? खरंच असू शकतो. काय करू ते सांग. मला फार भीती वाटते.

एवढं वाचूनही लोभ कमी होऊ देऊ नकोस.
करुणा

दौंड
३० एप्रिल २०२५

चि. करुणास,
अ. आ. वि. वि.

हौशीराम खाली हॉर्न वाजवतो आहे असं घरातले सांगतात, म्हणून थोडक्यात लिहिते.

हॉस्पिटलात मी चौतीस वर्षं थर्मामीटर लावले. निम्म्या लोकांना ताप नसायचाच. तरी लावायचा, बघायचा आणि मगच लिहायचा. तुला वाटतं, प्रभूची सेवा म्हणजे ईस्टरची गाणी. मी तरी थर्मामीटरपेक्षा वेगळी सेवा कधी केली नाही, आणि त्याला ती कमी वाटली असेल असं मला वाटत नाही. रविवारी तू टाकीवर गेली असतीस, तर तीही उपासनाच होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही, ही माझी चूक.

बर्फ होता की पाणी, ते तुला माहीत नाही, मलाही नाही. दोन दिवस तू टाकीवर नव्हतीस, एवढं तुला माहीत आहे. तेवढंच सांग. पण सभेआधी पप्पांना सांग, त्यांनी ते चावडीवर ऐकू नये.

शायनाचं नाव मी घेते आहे. तुझंही.
आत्या

बारवेवाडी
२ मे २०२५

ती. आत्यास,
करुणाचा सलाम वि. वि.

सांगितलं. आधी पप्पांना, मग सभेत. पप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. सभेत मी बोलून खाली बसले. मग सगळे एकदमच बोलू लागले. रुपालीताईंनी रजिस्टर जमा करून घेतलं, मला कामावरून काढल्याचं सांगितलं आणि दाखला मिळणार न्हाई म्हणाल्या. चांदभाईंची गाडी मात्र सुरू झाली. शायनाला काल सोडलं, आता भात खाते.

नवा माणूस मिळेपर्यंत टाकीवर कोण जाणार, हे कुणालाच सुचेना. मी जाते म्हटलं, पगार नको. लोक हसले. तेव्हा चांदभाई उठले आणि म्हणाले की, जाऊ द्या तिला, पण माझ्या डोळ्यांसमोर. मला वाटलं होतं ते माफ केलं म्हणतील. तसं काही ते म्हणाले नाहीत.

आज साडेपाचला ते टाकीखाली उभे होते. पासष्टीचा माणूस, सगळा जिना माझ्यामागून चढले. मी पावडर ओतली, थोडं थांबून पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पिवळं झालं. त्यांनी नीट पाहिलं आणि उतरू लागले. खालून विचारलं की, उद्या बी हाच टाइम का. मी हो म्हटलं.

पप्पा सभेपासून माझ्याशी बोलले नव्हते. घरात शिरले तर खाटेवरून विचारलं, पाणी पिवळं झालं का. या वेळी मी हो म्हटलं नाही. नळी घरी आणली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि उद्याही घेऊन ये म्हणाले.

तुझा लोभ मला आता रोज लागेल, तेवढा राखून ठेव.
तुझीच,
करुणा